साडेदहाला काळ्या पिशवीत जाणारे पफ

सुगरणीचा_खोपा | शुक्रवार, रात्री ९:१२

माझा भाचा पुण्यात शिकतो आणि संध्याकाळी एका कॅफे-बेकरीत चार तास काउंटरला उभा राहतो. मोठी साखळी आहे. नाव सांगत नाही, पोराची नोकरी आहे. साडेदहाला शटर अर्धं खाली आलं की उरलेला एकेक पदार्थ टॅबवर 'वेस्ट' म्हणून नोंदवायचा, फोटो काढायचा आणि सगळं काळ्या पिशवीत. पफ, सँडविच, क्रोसाँ, कपकेक. शेवटी मशिनमधली उरलेली कॉफी त्या पिशवीत ओतायची, म्हणजे कुणी काढून खायला नको.

परवा त्याने दोन व्हेज पफ बाजूला काढून शेजारच्या एटीएमवरच्या वॉचमनकाकांना दिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने समज दिली. लेखी.

रविवारी जेवताना त्याने हे सांगितलं. आईने (वय ८२) हातातला घास ताटात ठेवला. "कॉफी ओततात? मुद्दाम?" एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प.

"अन्न हे पूर्णब्रह्म" मला पाठ आहे, ते कृपया नको. धंद्यातल्या लोकांनी सांगावं. पैसे घालून केलेला माल रोज का फेकतात? अर्ध्या किमतीत का विकत नाहीत? कामाच्या पोरांना का देत नाहीत? आणि रोज उरतोच, तर कमी का करत नाहीत? हा शेवटचा प्रश्न मला जास्त छळतोय.

हिंगाष्टक | शुक्रवार, रात्री ९:२०

माज. दुसरं कारण नाही. धागा बंद करा.

भट्टीवाला | शुक्रवार, रात्री १०:४५

माज नाही हो, भट्टी नाही म्हणून.

आमची मिरजेला बेकरी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. आमच्यात माल फेकणं म्हणजे दिवाळं निघाल्याचं लक्षण. सकाळचा पाव संध्याकाळी उरला तर दुसऱ्या दिवशी कापून भट्टीत, त्याचा टोस्ट. टोस्टाचा चुरा कटलेटवाले नेतात. केक सुकला तर चुरून नवीन मिश्रणात. खारी मोडली तर किलोवर जाते, चहात बुडवणाऱ्याला आकाराशी काय देणंघेणं. फरसाणवाल्याकडे तळाचा भुगा मिसळीला. आमचे वडील म्हणायचे, बेकरीत कचरा एकच, राख.

पण हे कधी जमतं? भट्टी आणि दुकान एकाच छपराखाली असलं तर. तुमच्या भाच्याच्या कॅफेत फक्त गरम करायचं मशिन असणार. माल लांबच्या सेंट्रल किचनमधून पहाटे टेम्पोने येतो. उरलेले सात पफ परत त्या किचनला न्यायचे तर टेम्पोचं डिझेल पफापेक्षा महाग. आणि पफाचा टोस्ट होत नाही.

अजून एक सांगतो. पाकिटबंद ब्रेड तुम्ही किराणा दुकानात बघता, त्यात बऱ्याच कंपन्यांचा माणूस जुनी पाकिटं परत घेऊन नवीन ठेवून जातो. दुकानदाराला वाटतं फुकट आहे, ठेव वीस. नुकसान कंपनीचं, म्हणून मागणी बेसुमार. ज्याच्या खिशाला झळ लागत नाही तो मोजत नाही. आमच्याकडे परतीचा माल घेत नाही म्हटल्यावर तोच दुकानदार कसा बोटांवर हिशोब करतो बघा.

सुगरणीचा_खोपा | शुक्रवार, रात्री ११:०२

भट्टीवाले, सुरेख. पण मग कमीच का मागवत नाहीत? रोजचा विक्रीचा आकडा टॅबमध्ये असतोच की.

त्रैराशिक | शनिवार, सकाळी ७:३०

याला गणित आहे आणि ते जुनं आहे. पेपरवाल्याचं गणित म्हणतात. सकाळी किती पेपर उचलायचे? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी.

पफ करायला १५ रुपये येतात, विकला ५० ला जातो असं धरू. आकडे माझ्या मनचे आहेत. दहा दिवसांत पफ मागायला आलेली माणसं अशी: ३२, ३५, ३६, ३८, ४०, ४१, ४३, ४५, ४८, ५२. सरासरी ४१.

रोज ३५ मागवले तर दहा दिवसांत फक्त ३ पफ उरतात. अगदी आजीच्या शिकवणीप्रमाणे. नफा १२,१०० रुपये.
रोज ४१, म्हणजे सरासरीइतके, मागवले तर २४ उरतात. नफा १३,१५०.
रोज ४३ मागवले तर ३६ उरतात. नफा १३,२५०.
रोज ४५ मागवले तर ५० उरतात. नफा पुन्हा १३,२५०.
रोज ४८ मागवले तर ७४ उरतात आणि नफा १३,१०० वर घसरतो.

आता ३५ आणि ४५ शेजारी ठेवा. ४७ पफ जास्त फेकले, पण ११५० रुपये जास्त आले. म्हणजे कचऱ्यात गेलेला प्रत्येक जादा पफ कंपनीला साडेचोवीस रुपये मिळवून देतोय. फेकणं हा त्यांच्या लेखी तोटा नाहीच. गिऱ्हाईक परत न जावं म्हणून भरलेला तो विम्याचा हप्ता आहे.

म्हणून "रोज उरतो तरी कमी का करत नाहीत" याचं उत्तर: रोज थोडं उरणं हेच त्यांचं बरोबर उत्तर आहे. निर्णय रात्री साडेदहाला होत नाही, पहाटे टेम्पो भरताना होतो. तुमचा भाचा फक्त त्याची पावती फाडतो.

हेच दुधाला लावून बघा. पिशवीमागे डेअरीवाल्याला दोन-तीन रुपये सुटतात. एक पिशवी नासली की वीस-पंचवीस पिशव्यांची कमाई गेली. म्हणून तो बेताने मागवतो आणि नऊनंतर गेलात की "संपलं" ऐकता. पफवाला कधी "संपलं" म्हणतो का? जेवढा नफ्याचा वाटा जाड, तेवढी काळी पिशवी जड.

हिंगाष्टक | शनिवार, सकाळी ८:०५

मास्तर, तुमच्याच आकड्यांत ४३ ला आणि ४५ ला नफा सारखा आहे. मग ४३ का नाही मागवत? १४ पफ वाचतात, छदाम जात नाही. मी म्हणतो तो माज तो हाच.

त्रैराशिक | शनिवार, सकाळी ८:४०

पकडलंत. त्याला गणितात उत्तर नाही. कुणी दुकान चालवलेल्याने सांगावं.

जुना_बटलर | शनिवार, दुपारी १२:१५

मी सांगतो. एकतीस वर्षं मुंबईत मोठ्या हॉटेलांमध्ये बँक्वेट आणि बुफे बघितले.

भरलेलं दिसलं पाहिजे. बास, एवढंच. बुफे अकराला बंद होतो. पावणेअकराला आलेल्या पाहुण्यालाही काठोकाठ भरलेलं भांडं दिसलं पाहिजे, कारण त्याने पहिल्या पाहुण्याइतकेच पैसे मोजलेत. तळाशी राहिलेल्या चार कोफ्त्यांना कुणी चमचा लावत नाही. तुम्हीही लावत नाही. ट्रेमध्ये एकच सँडविच राहिलं असेल तर लोकांना वाटतं, हे सगळ्यांनी नाकारलेलं असणार. तेच सँडविच दहांच्या रांगेत पुढे असतं तर उचललं असतंत. म्हणजे शेवटची दोन-चार सँडविचं विकायला ठेवलेलीच नसतात, पुढची विकली जावीत म्हणून ती सजावट असते. ४३ आणि ४५ मधले दोन पफ ते हे.

आता कामाच्या पोरांना का देत नाहीत. हे ऐकायला वाईट वाटेल. एका ठिकाणी मी स्वतः परवानगी दिली होती, उरलेली मिठाई घरी न्या म्हणून. पहिला आठवडा फार छान गेला. तिसऱ्या आठवड्यात साडेनऊला गुलाबजामाचा नवा घाणा पडायला लागला. कोण खाणार साडेनऊला? कुणी चोर नव्हतं. पण उरलं तर आपल्याला मिळतं हे माहीत असलेल्या माणसाचा अंदाज आपोआप सैल होतो. मला ती परवानगी मागे घ्यावी लागली आणि त्या दिवशी किचनमध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही. नंतर आम्ही उलट केलं. पोरांचं जेवण म्हणून रोज वेगळं, ताजं, पोटभर शिजवायचं आणि उरलेल्याला हात नाही. त्यात खर्च होता, पण भांडण नव्हतं.

कॉफी ओतण्याचं समर्थन मी करणार नाही. आम्ही कधी केलं नाही.

मुदतपूर्व | शनिवार, दुपारी २:५०

मी अन्न तंत्रज्ञानात आहे, गुणवत्ता तपासणीचं काम करते. कॉफीबद्दल, किंवा पाकिटं फाडून फेकण्याबद्दल, एक बाजू सांगते. आवडणार नाही, पण खरी आहे.

कचऱ्यातला पाकिटबंद माल कचऱ्यातच राहत नाही. तो गोळा करून, तारीख खोडून, नवी छापून पुन्हा बाजारात आणण्याचे प्रकार देशात पकडले गेलेले आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये परवानाधारक उत्पादकांना आणि आयातदारांना मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाचा तिमाही हिशोब द्यायला सांगितलं, त्यामागे हीच भीती आहे. बिस्किटाचा पुडा फोडून नष्ट करणं समजू शकतं. उघड्या पफावर कॉफी ओतणं मात्र "कचऱ्यातून खाऊन कुणी आजारी पडलं तर आमचं नाव" एवढ्यासाठीच.

आणि ती भीतीही सगळी खोटी नाही. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मधला पट्टा जंतूंचा. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात गरम-कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि उलट्या करवणारं जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. "गरम करून वाटलं की झालं" हा समज म्हणून धोक्याचा. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणारे आपण सगळे वाचतो, कारण तो भात बहुतेक वेळा रात्रीच फ्रीजमध्ये जातो. लग्नाच्या मांडवात आठला शिजलेला मसालेभात रात्री एकला कुठे असतो?

पफ त्या मानाने गरीब प्राणी आहे, कोरडा. मेयोनीज लावलेलं सँडविच नाही.

तारखांचाही घोळ आहे. 'बेस्ट बिफोर' म्हणजे यानंतर चव-कुरकुरीतपणा कमी होईल. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' म्हणजे यानंतर खाऊ नका. दुकानदार दोन्हींना एकच समजतो, गिऱ्हाईकही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही बेस्ट बिफोरची तारीख लावायची सक्ती झाली. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंदाला एक दिवस, बेसन लाडवाला महिना. चांगलाच नियम, कारण आधी आपण काय खातोय ते कळत नव्हतं. पण पाटीवर "आज" लिहिलेला पेढा संध्याकाळी सातनंतर कोण घेतो?

भट्टीवाला | शनिवार, दुपारी ३:१०

मुदतपूर्वताई, बरोबर. पूर्वी उरलेली बर्फी दुसऱ्या दिवशी खव्यात मिसळून तिसरंच काहीतरी व्हायची, आणि त्याला लोक "स्पेशल" म्हणायचे. नाव घेत नाही, सगळेच करायचे.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५५

मी मुंबईत उरलेलं अन्न उचलणाऱ्या गटात सहा वर्षं आहे. आठवड्यातून दोन रात्री. "देऊन का टाकत नाहीत" याचं उत्तर माझ्या स्कूटरवर येऊन बघा.

एका लग्नाच्या हॉलमधून फोन येतो: दोनशे पानांचं जेवण आहे, या. एक टेम्पो, एक फेरी, एक वस्ती. तासात संपतं. आता कॅफे बघा. एका दुकानात सात पफ, पुढच्यात चार सँडविच, तिसऱ्यात दोन मफिन. सगळी साडेदहाला बंद होणार, सगळी वेगवेगळ्या टोकाला. वीस दुकानं फिरेपर्यंत साडेबारा. तोवर ज्यांना द्यायचं ती माणसं झोपलेली असतात. झोपलेल्याला उठवून कपकेक द्यायचा? केलंय आम्ही सुरुवातीला. एका आजींनी उठून बघितलं आणि म्हणाल्या, "क्रीमचं नको रे. भात-आमटी असली तर सांग." तेव्हापासून उठवत नाही.

मोठी कामं होतात ती अशीच, ठोक मालावर. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांच्या साथीने रोटी बँक उभी केली, ती जमली कारण वाहतूक ज्यांच्या रक्तात आहे ती माणसं सोबत होती. रॉबिन हूड आर्मी २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली, तिथेही हॉटेलातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वस्तीत. सात पफांना ठरलेली वेळ परवडत नाही.

दुकानदार मला नेहमी सांगतो, "कायद्याने देता येत नाही हो." हे साफ खोटं आहे. शिल्लक अन्न गोळा करून वाटण्याबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियमच आहेत. द्या म्हणतात, नीट द्या म्हणतात. पण दुकानाच्या मॅनेजरला ते माहीत नसतं आणि वरच्या ऑफिसातल्या वकिलाला "नाही" म्हणणं सोपं असतं.

लियोंकर | रविवार, पहाटे ४:२०

फ्रान्समधून. इथे ही कॉफीची गोष्ट जशीच्या तशी होती, फक्त कॉफीऐवजी जावेल. म्हणजे आपलं ब्लीच. सुपरमार्केटवाले कचऱ्यातल्या खाण्याजोग्या मालावर ओतायचे. २०१६ च्या फेब्रुवारीत कायदा आला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्यालायक माल मुद्दाम नासवायला बंदी, आणि दान घेणाऱ्या संस्थेशी करार करायची सक्ती. लोकांना वाटतं माल फेकायलाच बंदी आहे. तसं नाही. नासवायला बंदी आहे.

त्या आधीपासून दानाच्या किमतीच्या ६० टक्के रक्कम करातून वजा मिळते. माझ्या मते दुकानदार कायद्यापेक्षा त्या वजावटीला जास्त नमतात.

मी इथल्या एका संस्थेत शनिवारी पेट्या निवडायला जातो. काय येतं? पाव, पाव, पाव आणि उद्या मुदत संपणारं सॅलड. दुकानाने आपला कचरा आमच्या दारात आणून टाकला आणि वर वजावट घेतली असं वाटण्याचे शनिवारही असतात. पण चीज येतं तेव्हा भांडणं होतात, तेही खरं.

ताळेबंद | रविवार, सकाळी १०:००

आपल्याकडच्या कराचं सांगतो, कारण यावर व्हॉट्सॲपवर बरंच चुकीचं फिरतं. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट केलेल्या, खर्ची टाकलेल्या आणि भेट दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत आधीच भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. बघा, नष्ट केलेला आणि भेट दिलेला एकाच ओळीत. सरकारच्या लेखी माझ्या अशिलाने पुडे गरिबाला दिले काय नि खड्ड्यात पुरले काय, सारखंच. ५ टक्के लावणाऱ्या साध्या रेस्टॉरंटला तर क्रेडिट मुळातच नसतं, त्यामुळे त्याला फरकच पडत नाही.

मग फेकण्याकडे कल का? नोंद सोपी. फोटो काढला, टॅबवर टाकलं, झालं. दान दिलं तर कुणाला, कोणाच्या सहीने, पावती कुठे.

दुसरं, फेकणं जवळजवळ फुकट आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा जागेवर जिरवायची जबाबदारी टाकली. मोठी हॉटेलं त्यात आली. रोज तीन-चार किलो फेकणारा कॅफे कुठे येतो? त्याची पिशवी आणि माझ्या घरची पिशवी एकाच घंटागाडीत.

हिंगाष्टक | रविवार, सकाळी १०:३०

सगळं मान्य. पण साडेनऊला अर्ध्या किमतीची पाटी लावायला कुठला कायदा आडवा येतो?

त्रैराशिक | रविवार, सकाळी ११:१५

कायदा नाही, पुणेकर. साडेनऊला अर्धी किंमत हे एकदा कळलं की आठ वाजता कोण घेईल? तुम्ही घ्याल? मी बाहेर उभा राहून घड्याळ बघेन. मघाच्या गणितात दिवसाला पाच पफ उरत होते. ते पाच २५ ला विकून १२५ आले. पण आठ वाजता पूर्ण पैसे देणारे सहा जण जर साडेनऊवर सरकले तर १५० गेले. पाटी लावून तोटा.

डेन्मार्कवाल्यांनी याला एक तोड काढली. २०१५ मध्ये कोपनहेगनमध्ये टू गुड टू गो नावाचं ॲप निघालं. उरलेल्या मालाची बंद पिशवी स्वस्तात घ्यायची, आत काय आहे ते सांगत नाहीत. ज्याला पफच हवा तो थांबत नाही, ज्याला काहीही चालतं तो पिशवी घेतो. दोन गिऱ्हाइकं वेगळी केली. हुशारी त्या "सांगत नाहीत" मध्ये आहे. आपल्याकडे झोमॅटोने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द झालेल्या ऑर्डरी जवळपासच्यांना स्वस्तात देणं सुरू केलं, तेव्हा महिन्याला चार लाखांहून जास्त ऑर्डरी रद्द होतात असं त्यांनीच सांगितलं होतं. तिथेही काय येईल ते आधी ठरवता येत नाही.

सायतामाकर | रविवार, दुपारी १:४०

पाटी कंपनीच लावू देत नाही असंही असतं. जपानमध्ये चोवीस तास उघडी राहणारी कोन्बिनी दुकानं असतात, बहुतेक फ्रँचायझी. दुकान एका माणसाचं, नाव कंपनीचं. कंपनी आपला वाटा दुकानाच्या ढोबळ नफ्यावर घेते आणि तो नफा मोजताना फेकलेल्या मालाची किंमत खर्चात धरत नाहीत. म्हणजे ओनिगिरी (भाताचा मुटका) फेकली तर भुर्दंड दुकानदाराचा. स्वस्तात विकली तर ढोबळ नफा कमी, कंपनीचा वाटा कमी. आता कंपनीला काय आवडेल सांगा.

२००९ मध्ये इथल्या व्यापार आयोगाने सेव्हन-इलेव्हन जपानला आदेशच दिला, दुकानदारांना किंमत उतरवण्यापासून अडवू नका म्हणून. त्यानंतर कंपनीने फेकलेल्या मालाच्या खर्चातले १५ टक्के स्वतः सोसायचं कबूल केलं. भट्टीवाल्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं ते हेच, झळ कुणाच्या खिशाला.

सणाचंही असंच. ३ फेब्रुवारीच्या सुमारास एहोमाकी नावाची जाड सुशीची गुंडाळी खातात. त्या दिवशी डोंगर, दुसऱ्या दिवशी कुणी ढुंकून बघत नाही. इतकी फेकली जायची की २०१९ च्या जानेवारीत कृषी मंत्रालयाने मागणी बघून बनवा असं उद्योगाला सांगितलं. आपल्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक विकून दाखवा.

आता दुकानात दुधापुढे चिठ्ठी असते: 'तेमाए दोरी', पुढचं उचला. मी पंधरा वर्षं मागे हात घालून ताजी तारीख काढत आलोय. मुंबईत आईने शिकवलेलं. चिठ्ठी लागल्यापासून चोरासारखं वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी ४:०५

मले एक सांगा, सगळे कॅफेवाल्यावर तुटून पडले, घरचा फ्रीज कोणी उघडला का? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल म्हणतो, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, हॉटेल-कँटीनवाल्यांचा २८ आणि दुकानांचा १२. म्हणजे काळी पिशवी आपलीच मोठी. दुकानदार निदान नोंद तरी ठेवते, फोटो काढते. माझ्या फ्रीजमधल्या मागच्या आठवड्याच्या कोथिंबिरीचा फोटो कोणी काढला?

(उरलेल्या पोळ्यांचे आम्ही कुटके करतो. कांदा, मिरची, शेंगदाणे. फेकायचा प्रश्नच नाही.)

हिंगाष्टक | रविवार, दुपारी ४:११

त्याला फोडणीची पोळी म्हणतात.

भट्टीवाला | रविवार, दुपारी ४:३०

आमच्यात कुस्करा.

लियोंकर | रविवार, संध्याकाळी ५:००

माणिकमोती. आमच्या आजीचा शब्द. आता यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे पफ राहतील बाजूला.

त्रैराशिक | रविवार, संध्याकाळी ६:२५

ठेचाताई, आकडा बरोबर आहे, पण थोडं वाद घालतो. घरात उरतं ते चुकून. अंदाज चुकला, पाहुणे आले नाहीत. दुकानात उरतं ते ठरवून. दोन्हींना 'वाया' हा एकच शब्द आहे म्हणून ते एका तागडीत बसत नाहीत. बाकी बारा टक्क्यांतला आपला कॅफे नव्हे, तो अठ्ठावीसमध्ये मोडेल.

आणि एक राहिलं होतं. जुन्या खानावळी, मिसळीची दुकानं, दुपारी एकला "संपले"ची पाटी लावून मोकळी होतात. त्यांना पेपरवाल्याचं गणित लागू नाही का? लागू आहे, पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक परत गेल्याची किंमत शून्य. उशीर झाला ही चूक तुमची, उद्या लवकर या. आणि तुम्ही खरंच उद्या लवकर जाता! कॅफेला ही चैन नाही, त्याच्या शेजारी तसलाच दुसरा कॅफे उघडा आहे. पाटी लावायला आधी तेवढी चव लागते.

जुना_बटलर | रविवार, रात्री ८:१०

चव लागते आणि मालक गल्ल्यावर बसलेला लागतो. पगारी मॅनेजर "संपले" लिहू शकत नाही. वरून फोन येतो.

सुगरणीचा_खोपा | पुढचा शनिवार, दुपारी १२:३०

आठवडाभर लिहिता आलं नाही. हा धागा भाच्याला पाठवला होता. त्याने पेपरवाल्याचं गणित मॅनेजरला दाखवलं (धाडस आहे पोरात). मॅनेजर हसला. म्हणाला, हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये असतं. मग त्याने पोराला टॅबवर एक पान दाखवलं. वेस्टला महिन्याची ठरलेली टक्केवारी आहे. त्याच्या वर गेलं तर वरून फोन येतो. पण खूप खाली आलं तरी फोन येतो: शेल्फ रिकामं ठेवता का? मागच्या पावसाळ्यात याने ऑर्डर दहा टक्क्यांनी उतरवली होती, तर प्रणालीने ती दुसऱ्या आठवड्यात आपोआप पूर्ववत केली. जुना_बटलर, तुमचा फोन आता माणूससुद्धा करत नाही.

लेखी समजेबद्दल तो एवढंच म्हणाला, की दोन पफ दिले म्हणून नव्हती ती. टॅबवर वेस्ट नोंदवून फोटो काढल्यावर दिले म्हणून होती. फोटोत नऊ आणि पिशवीत सात.

रात्रपाळी, तुमचा निरोप त्याला दिला. त्याच्या रस्त्यावर अजून तीन दुकानांत त्याच्या कॉलेजची पोरं काम करतात. चार दुकानांचा माल एका ठिकाणी जमा केला तर तुमच्या ओळखीतलं पुण्यातलं कुणी येईल का, असं विचारतोय. कंपनी परवानगी देईल असं त्याला वाटत नाही. मलाही नाही. तरी अर्ज लिहिलाय, २०१९ च्या नियमांचा उल्लेख करून. ताळेबंद, एकदा नजरेखालून घालाल का?

आईला मी सगळं वाचून दाखवलं. गणितापाशी तिला झोप लागली. लियोंकरांचं ब्लीच ऐकून मात्र उठून बसली.

ता. क. भाच्याला आता सकाळची पाळी दिलीय, टेम्पो उतरवून घ्यायची. आज पफ किती आले विचारलं. म्हणाला, अठ्ठेचाळीस. शनिवार आहे ना.